जॉर्ज ब्रफ : वडिलांच्या नावाला ‘सुपीरियर’ जोडणारा मुलगा

२०१६ साली इंग्लंडमध्ये आठ जुन्या मोटारसायकलींचा लिलाव झाला. कॉर्नवॉल परगण्यातील बॉडमिन मूर या माळरानाच्या परिसरात, एका कोठारात त्या सुमारे अर्धशतक पडून होत्या. वर धुळीचे थर, जुन्या यंत्रांचे अवशेष आणि घरातली अडगळ. काही गाड्या सुट्या भागांच्याच रूपात शिल्लक राहिलेल्या. त्यांतील १९३८ सालच्या एका गाडीला ३,३१,९०० पौंड मिळाले. लिलावात ब्रिटिश मोटारसायकलला तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती. गंजलेल्या लोखंडासाठी एवढी रक्कम मोजणाऱ्याने नेमके काय विकत घेतले, या प्रश्नाचे उत्तर त्या गाडीच्या टाकीवरील नावात होते. ते नाव होते ब्रफ सुपीरियर, आणि त्या नावामागे एका बापलेकाच्या दुराव्याची कथा आहे.

जॉर्ज ब्रफ यांचा जन्म २१ एप्रिल १८९० रोजी नॉटिंगहॅम शहरातील बासफर्ड या भागात झाला. वडील विल्यम एडवर्ड ब्रफ कोळसा खाणीवर यंत्रांचे काम पाहत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंजिनाची गाडी हीच एक अपूर्वाई होती त्या काळात, विल्यम यांनी स्वतःच्या हाताने गाडी तयार केली. पुढे काही वर्षांतच ते मोटारसायकली बनवू लागले आणि घरालगतच्या खटपटीचे रूपांतर रीतसर कारखान्यात झाले. जॉर्ज आणि त्यांचा थोरला भाऊ या वातावरणात वाढले. तेलाचा वास, कानशीचा आवाज आणि जेवणाच्या टेबलावर इंजिनांच्या गप्पा हेच त्या घरातले बालपण होते. शिक्षण संपताच दोघेही भाऊ वडिलांच्या हाताखाली कामाला लागले.

धाकट्याचा पिंड मात्र वेगळा होता. १९०६ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, त्याने वडिलांनी बनवलेल्या गाडीवरून ब्रिटनच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंतच्या दीर्घ पल्ल्याच्या चाचणी स्पर्धेत भाग घेतला. तेव्हाचे रस्ते खडीचे आणि मातीचे होते. गाडीला आजच्यासारखे गिअर नव्हते आणि इंजिनाची शक्ती चामड्याच्या पट्ट्याने मागच्या चाकाला मिळत असे. पाऊस लागला की पट्टा घसरे आणि चढ आला की स्वाराला उतरून गाडी ढकलावी लागे. अशा प्रवासातून जॉर्जला यंत्राचे दोष पुस्तकातून नव्हे, तर पायांतून आणि मनगटांतून कळत गेले. पहिल्या महायुद्धापूर्वी लंडन ते एडिंबरो या नावाजलेल्या चाचणी स्पर्धेतही त्याने आपली छाप पाडली.

बापलेकांतील मतभेद इंजिनाच्या रचनेवरून सुरू झाले. विल्यम यांना एकमेकांसमोर आडवे पडलेले दोन सिलिंडर असलेले इंजिन पसंत होते. त्या रचनेत हादरे कमी बसतात, गाडी शांत चालते आणि रोज कामावर जाणाऱ्या माणसाला ती परवडते, असा त्यांचा हिशेब होता. जॉर्जला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात बसवलेले मोठे, जोरकस इंजिन हवे होते. गाडी वेगवान असावी, देखणी असावी आणि तिच्यात कोणतीही तडजोड नसावी, मग ती मोजक्यांनाच परवडली तरी चालेल, अशी त्याची भूमिका होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य होते, आणि म्हणूनच समेट अवघड होता.

१९१९ साली जॉर्ज वडिलांच्या व्यवसायातून बाहेर पडले. त्याच शहरातील हेडन रोडवर त्यांनी स्वतःचा लहानसा कारखाना उभारला. गाडीला नाव काय द्यायचे, हा प्रश्न आला तेव्हा एका मित्राने ‘सुपीरियर’ हा शब्द सुचवला, असे सांगतात. ब्रफ हे आडनाव तर दोन्ही कारखान्यांचे होते. मुलाची गाडी श्रेष्ठ म्हटली, तर वडिलांची आपोआप कनिष्ठ ठरत होती. विल्यम यांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली आणि मग माझी गाडी हलकी म्हणायची का, असा सवाल त्यांनी केल्याची हकिगत आजही सांगितली जाते. जॉर्ज यांनी नाव बदलले नाही. वडिलांचा कारखाना १९२० च्या दशकातच बंद पडला. मुलाच्या गाड्यांचे नाव त्या वेळी जगभर होऊ लागले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जॉर्ज ब्रफ आपल्या गाड्यांची इंजिने स्वतः बनवीत नसत. इंजिन लंडनच्या जे. ए. प्रेस्टविच यांच्या कारखान्यातून, म्हणजे जाणकारांच्या भाषेत ‘जेएपी’चे येई, पुढील काळात मॅचलेस कंपनीचेही वापरले गेले. गिअरबॉक्स प्रामुख्याने नॉटिंगहॅमच्याच स्टर्मी-आर्चरचा असे. मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, दिवे, बैठक हे सारे बाहेरून विकत घेतलेले असे. ब्रफ म्हणजे दुसऱ्यांचे भाग जुळवणारा जोडारी, अशी टीका त्यांच्यावर होत असे. टीका खोटी नव्हती, पण अपुरी होती. कोणता भाग घ्यायचा, तो कोणत्या प्रतीचा असला पाहिजे, आपल्या गाडीसाठी पुरवठादाराने त्यात काय फेरफार करून द्यायचे आणि हे सर्व एका सांगाड्यात कसे शोभून दिसेल, याची दृष्टी ब्रफ यांची स्वतःची होती. सांगाड्याच्या वरच्या नळीवर खोगिरासारखी बसणारी, निकेलचा मुलामा दिलेली, गोलाईदार पेट्रोलची टाकी ही त्यांच्या गाडीची ओळख ठरली. पुढे इतरांनीही तशा टाक्या बनवल्या.

त्यांच्या कारखान्याची एक रीत विशेष होती. प्रत्येक गाडी दोनदा जोडली जाई. पहिल्यांदा सगळे भाग कच्चे बसवून ते एकमेकांशी नीट जुळतात की नाही हे पाहिले जाई. मग गाडी संपूर्ण उलगडून भाग रंगकामाला आणि मुलाम्याला पाठवले जात, आणि नंतर ती पुन्हा नव्याने जोडली जाई. गिऱ्हाइकाच्या उंचीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे हँडल, बैठक, पायटे यांची रचना ठरे. अखेरीस गाडी रस्त्यावर चालवून पाहिली जाई. एसएस ८० ही गाडी ताशी ८० मैल आणि एसएस १०० ही ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, वेग गाठतेच अशी हमी लेखी दिलेली असे. ज्या काळात अनेक मोटारगाड्याही त्याच्या निम्म्या वेगाने धावताना धापा टाकीत, त्या काळातली ही हमी आहे. कसोटीला न उतरलेली गाडी पुन्हा दुरुस्तीला घेतली जाई.

स्वतः मालकही कसलेला स्वार होता. ‘ओल्ड बिल’ हे टोपणनाव असलेल्या आपल्या गाडीवर जॉर्ज यांनी १९२२-२३ च्या सुमारास ओळीने ५१ शर्यती जिंकल्या. बावन्नाव्या शर्यतीत पुढचे टायर फुटले आणि ते भर वेगात रस्त्यावर फेकले गेले. गाडी मात्र स्वाराविना घसरत जाऊन सर्वांआधी अंतिम रेषा ओलांडून गेली. जखमा भरून यायला बराच काळ लागला. १९२५ साली ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वताच्या घाटांतील स्पर्धेत त्यांनी एसएस १०० वर घवघवीत यश मिळवले आणि त्याच नावाने नवा नमुना बाजारात आणला. जाहिरातबाजीचे त्यांना उपजत अंग होते. विजय मिळाला की आठवडाभरात त्याची जाहिरात झळकलीच म्हणून समजावे.

‘द मोटर सायकल’ या नियतकालिकाच्या चाचणीकाराने त्यांच्या गाडीला मोटारसायकलींतील रोल्स-रॉइस म्हटले. ब्रफ यांनी ती उपमा लगोलग आपल्या जाहिरातींत घेतली. साहजिकच डर्बीच्या रोल्स-रॉइस कंपनीचे कान टवकारले गेले. आपले नाव कुणी भलत्या वस्तूला तर लावत नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांचा प्रतिनिधी नॉटिंगहॅमला आला. त्या दिवशी प्रदर्शनासाठीच्या गाड्यांची शेवटची जुळणी चालू होती आणि चकचकीत मुलाम्यावर डाग पडू नयेत म्हणून कारागिरांनी पांढरे हातमोजे घातले होते. पाहुण्याला वाटले, येथे रोजच असे काम चालते. त्याने समाधान व्यक्त केले आणि उपमा कायम राहिली. ही हकिगत सांगताना तिखटमीठ लावले जात असेलही. परंतु ब्रफ यांच्या स्वभावाला आणि नशिबाला ती शोभते.

एसएस १०० ची किंमत पावणेदोनशे पौंडांच्या आसपास असे. सामान्य माणसाची वर्षभराची मिळकत तेव्हा जवळपास तेवढीच होती. त्यामुळे गिऱ्हाईक मोजके होते. १९१९ ते १९४० या काळात सगळ्या नमुन्यांच्या मिळून सुमारे ३००० गाड्याच हेडन रोडवरून बाहेर पडल्या. त्यांत एसएस १०० चारशेही नव्हत्या.

या मोजक्या गिऱ्हाइकांत सर्वांत प्रसिद्ध ठरले ते ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स. पहिल्या महायुद्धानंतर मिळालेल्या कीर्तीला कंटाळून ते नाव बदलून हवाईदलात साध्या शिपाई दर्जाच्या नोकरीवर लागले होते. १९२७ पासून ते कराचीत आणि नंतर वायव्य सरहद्दीवरील मिरानशाहच्या तळावर होते. ते अफगाणिस्तानात हेरगिरी करतात अशी आवई वृत्तपत्रांनी उठवल्याने सरकारने त्यांना तातडीने मायदेशी परत बोलावले आणि जानेवारी १९२९ मध्ये मुंबई बंदरातून त्यांनी बोट पकडली. इंग्लंडमध्ये त्यांचा विरंगुळा होता तो ब्रफ सुपीरियरवरून एकट्याने केलेल्या दौडीचा. एकामागून एक अशा सात गाड्या त्यांनी बाळगल्या आणि आठवीची मागणी नोंदवून ठेवली होती. आठवी त्यांच्या हाती आलीच नाही. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यात, घराजवळच्या अरुंद रस्त्यावर, पुढून सायकलवर चाललेल्या दोन मुलांना वाचवताना त्यांची गाडी उलटली. डोक्याला जबर मार बसला आणि सहा दिवसांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला. लष्करी स्वारांना हेल्मेट सक्तीचे होण्यामागे त्यांच्या निष्कर्षांचा मोठा वाटा आहे. आज आपण गाडी काढताना जे शिरस्त्राण डोक्यावर चढवतो, त्याचा एक धागा असा ब्रफ यांच्या गाडीशी जाऊन भिडतो.

वेगाची ही किंमत ब्रफ यांना आणखी एकदा जवळून पाहावी लागली. १९३७ साली एरिक फर्निहो या स्वाराने हंगेरीतील ग्योन येथील सरळ रस्त्यावर ब्रफ सुपीरियरवरून ताशी जवळपास १७० मैलांचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी तो विक्रम पुन्हा मिळवण्याच्या प्रयत्नात, त्याच रस्त्यावर, त्याच बनावटीच्या गाडीवरून पडून तो मृत्यू पावला. वेगाची लेखी हमी देणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील ही दुसरी बाजू आहे आणि त्याच्या चाहत्यांनी ती झाकून ठेवू नये.

१९३८ च्या लंडन प्रदर्शनात ब्रफ यांनी ‘गोल्डन ड्रीम’ हा चार सिलिंडरांचा अभिनव नमुना मांडला. तो उत्पादनापर्यंत पोहोचण्याआधीच दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० मध्ये मोटारसायकलींचे उत्पादन थांबले आणि हेडन रोडचा कारखाना विमानांच्या मर्लिन इंजिनाचे भाग घडवू लागला. ज्या रोल्स-रॉइसच्या नावावर गाडी मिरवली, तिच्याच इंजिनासाठी ते हात आता राबत होते. युद्ध संपले, तेव्हा बाहेरून घ्यायला मनाजोगे इंजिन मिळेना. कमी प्रतीच्या इंजिनावर आपले नाव लावून धंदा चालू ठेवणे ब्रफ यांना शक्य होते. त्यांनी ते केले नाही. कारखाना इतर यंत्रकामावर चालला, जुन्या गिऱ्हाइकांना सुटे भाग मिळत राहिले, पण नवी ब्रफ सुपीरियर त्यांच्या हयातीत पुन्हा बाजारात आली नाही. १२ जानेवारी १९७० रोजी जॉर्ज ब्रफ यांचे निधन झाले. पुढे २००८ साली ते नाव नव्या मालकांकडे गेले आणि आता फ्रान्समधील तुलूझ येथे त्या नावाची नवी गाडी बनते. परंतु ती कथा वेगळी.

ब्रफ यांचे आयुष्य संपले, तेव्हा त्यांच्या गाड्यांचे दुसरे आयुष्य सुरू झालेले होते. १९५८ साली ब्रफ सुपीरियर क्लब स्थापन झाला, म्हणजे आपल्या यंत्रांवर जीव लावणारी पुढची पिढी ब्रफ यांना डोळ्यांनी पाहता आली. त्या पिढीला लाभलेला सर्वांत मोठा ठेवा म्हणजे कारखान्यातील नोंदपत्रे. प्रत्येक गाडीचे एक पत्र असे आणि त्यावर सांगाड्याचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, गिअरबॉक्स, बसवलेले भाग आणि विक्रीचा तपशील लिहिलेला असे. त्यांतील बरीच टिकली आहेत. कोठारात सापडलेल्या गंजक्या सांगाड्यावरील आकडे या पत्राशी ताडून पाहिले की गाडीचे मूळ कळते. ज्या गाडीला लाखो पौंड मिळतात, तिच्या नकलाही होतात. जुना क्रमांक कोरलेला एखादा तुकडा आणि बाकी सगळे नवे, असा प्रकार उघडकीस आणण्याचे काम ही साधी कागदपत्रे करतात.

जुनी ब्रिटिश गाडी पुन्हा उभी करणे हे बहुधा एकट्याचे काम नसते. शनिवार-रविवारी घराच्या मागच्या शेडमध्ये वडील, मुलगा, कधी मुलगी आणि नातवंडे मिळून ते वर्षानुवर्षे करतात. खोलण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यायची, काढलेला प्रत्येक नट डबीत घालून वर चिठ्ठी लावायची, ही कामे लहान मुले आवडीने करतात. मोठ्यांच्या वाट्याला खरी परीक्षा येते. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे व्हिटवर्थ किंवा सायकल पद्धतीचे असतात. आपले नेहमीचे मिलिमीटरचे पाने त्यांना चालत नाहीत आणि जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात. मॅग्नेटोच्या आतील तारेचे वेटोळे ओलाव्याने निकामी झालेले असते. ते पुन्हा गुंडाळून घ्यावे लागते, नाहीतर थंड इंजिन सुरू होते आणि तापले की बंद पडते. सुरुवातीच्या गाड्यांत तेल एकदा इंजिनात गेले की परत टाकीत येत नाही, जळून वा गळून संपते. त्यामुळे पंपातून किती थेंब पडतात हे स्वारानेच पाहून जमवायचे असते. मुलाम्यातही मेख आहे. १९२० च्या दशकातील बहुतेक काळ टाकीला निकेलचा मुलामा असे, त्याची झाक किंचित पिवळसर आणि मऊ दिसते. हौसेने त्यावर निळसर चमकीचे क्रोम चढवले, की गाडी नवी दिसते पण तिचा काळ पुसला जातो.

म्हणूनच या छंदात एक जुना वाद आहे. काहींच्या मते गाडी कारखान्यातून आली तशी लखलखीत करावी. काहींच्या मते तिच्यावरील ओरखडे, उडालेला रंग, आजोबांनी गावच्या लोहाराकडून बसवून घेतलेली पट्टी हाही तिचा इतिहासच आहे. तो घासून टाकल्यावर परत आणता येत नाही. शहाणा छंदिष्ट घाई करीत नाही. इंजिन, ब्रेक आणि चाके सुरक्षित करून घेतो, बाकीच्या गोष्टींवर घरात सर्वांचे एकमत होईपर्यंत हात लावत नाही.

आपल्याकडे ब्रफ सुपीरियर सहसा दृष्टीस पडणार नाही. परंतु बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, एरियल, ट्रायम्फ या त्याच कुळातील गाड्या जुन्या वाड्यांच्या पडवीत आणि गोठ्याच्या कोपऱ्यात आजही सापडतात. ‘फटफटी’ हा आपला शब्दच त्यांच्या आवाजाने दिला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली आणि अशा वाहनांना क्रमांकात ‘व्हीए’ ही खूण मिळू लागली. तिची अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा पडवीतली गाडी भंगारवाल्याला दाखवण्याआधी किंवा हौसेने रंगाऱ्याकडे नेण्याआधी तिचे जुने नोंदणीपुस्तक शोधावे, सांगाड्यावरील आणि इंजिनावरील आकडे उतरवून घ्यावेत आणि घरातील वडीलधाऱ्यांना तिच्याबद्दल विचारून ठेवावे. आपल्या गाड्यांची नोंदपत्रे बहुधा कुठल्या क्लबात नाहीत. ती घरातल्या माणसांच्या आठवणीत आहेत, आणि ती माणसे थकत चालली आहेत.

विल्यम आणि जॉर्ज ब्रफ यांना एका छपराखाली एक गाडी बनवणे जमले नाही. दोघेही उत्तम कारागीर होते, आणि तेच बहुधा नडले. आता वडिलांची शांत आडव्या इंजिनाची गाडी मुलाच्या गाडीहूनही दुर्मीळ झाली आहे. एखाद्या शेडमध्ये दुपारभर खटपट करून बापलेकांनी एखादा अडलेला नट सोडवला, तर त्यांच्या हातून एक यंत्र वाचते. त्या दुपारच्या गप्पांत वडिलांकडून मुलाकडे काय काय जाते, त्याची नोंद कुठल्याच पत्रावर होत नाही.